बायकोचा सगळ्यात आवडता सिनेमा बघताना मी हसलो, आता काय करू?

ताई, प्रश्न तसा लहान वाटेल पण बरेच दिवस झाले डोक्यातून जातच नाहीये. माझं वय अडतीस. बायकोचा लहानपणापासूनचा सगळ्यात आवडता सिनेमा म्हणजे द नेव्हरएंडिंग स्टोरी, १९८४ चा. मी कधी बघितला नव्हता, ती लग्न झाल्यापासून म्हणतेय की एकदा बघूया आणि मी काही ना काही कारण काढून टाळत होतो. शेवटी एका रविवारी बसलो. खरं सांगतो, मनापासून बसलो होतो. पण इफेक्ट्स जुने, ड्रॅगन म्हणजे एक मोठं पांढरं कुत्रं, ते कीबोर्डवालं गाणं, मुलगा सारखा ओरडतोय, मला काही केल्या त्यात शिरताच येईना. मग तो दलदलीचा सीन आला, घोडा चिखलात बुडतोय आणि तो पोरगा लगाम ओढत रडतोय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं पण हा घोडा पळत का नाही, चार पावलं मागे सरकला तरी वाचेल की" आणि मी हसलो. बाजूला बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती काही बोलली नाही. सिनेमा संपल्यावर उठली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. भांडण नाही, अबोला नाही, सगळं नॉर्मल चालू आहे, पण त्या सिनेमाचा विषय बंद. आधी म्हणायची पोरगी सात वर्षांची झाली की तिला दाखवू, आता पोरगी सात वर्षांची झाली तरी नावच काढत नाही.

सिनेमा आवडला नाही हे खरं सांगणं चूक आहे का? परत बघून "आवडला" म्हणून टाकू का? आणि मला काहीच वाटलं नाही म्हणजे मी आतून कोरडा झालोय का, कारण लहानपणी मीही असल्या गोष्टींत रमायचो. जाता जाता सांगतो, तिने हा सिनेमा तिच्या मामाकडे कॅसेटवर बघितला होता. तिची आई गेल्यावर ती वर्षभर मामाकडे राहायला होती, तेव्हा जवळजवळ रोज लावायची म्हणे.

— गोंधळलेला नवरा

हे बघ, आधी कोरडेपणाची काळजी मिटवून टाकू. कोरडा माणूस एवढ्यावरून पत्र लिहीत बसत नाही, तो केव्हाच विसरून गेला असता. मोठेपणी पहिल्यांदा असा सिनेमा बघताना काहीच न वाटणं ही फार कॉमन गोष्ट आहे, आणि त्यात तुझाही दोष नाही नि सिनेमाचाही. त्या काळातल्या मुलांच्या या फॅन्टसी फिल्म्स लोकांच्या मनात घर करून बसल्या त्या एकदा बघून नाही, तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावून. लॅबिरिंथचंच घे, १९८६ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत थिएटरमधून खर्चाच्या जवळपास निम्मेच पैसे सुटले, आपटलाच म्हण ना, आणि पुढे व्हिडिओवर बघून बघून तो एका अख्ख्या पिढीचा जिवाभावाचा झाला. तो करणारा जिम हेन्सन १९९० मध्येच गेला, त्याला हे प्रेम पूर्ण बघायलाही मिळालं नाही. विझर्ड ऑफ ऑझ तर १९३९ चा, पण तो घराघरात पोचला १९५६ पासून टीव्हीवर दाखवायला लागले तेव्हा. तुझ्या बायकोने जो सिनेमा बघितलाय तो शेकडो वेळा बघितलेला आहे, त्यात ती खोली आहे, ते वर्ष आहे, तेव्हाची ती आहे. तू तो एकदाच बघितलास, अडतिसाव्या वर्षी, आणि तेही ती बाजूला बसून तुझ्या चेहऱ्याकडे बघत असताना. तुला तिच्यासारखंच वाटेल ही अपेक्षाच चुकीची होती, आणि मला वाटतं ती अपेक्षा तिच्यापेक्षा जास्त तूच स्वतःकडून करत होतास.

हे बाजूला बसून बघणं फार अवघड असतं रे. दाखवणारा पडद्याकडे कमी आणि बघणाऱ्याकडे जास्त बघत असतो, बघणाऱ्याला ते कळत असतं, त्यामुळे त्याचं अर्धं लक्ष आता आपण कसला चेहरा करायचा यातच जातं, आणि मग नेमका सगळ्यात भरून येणारा सीन आला की त्या अवघडलेपणातूनच हसू फुटतं. तुझं हसू तसलंच असणार, कुचेष्टेचं नसणार असं मी धरून चालते. पण ते तिला कुठे लागलं ते मात्र तुला कळायला हवं, कारण तुझ्या पत्रावरून तुला ते अजून कळलंय असं वाटत नाही.

तुझा प्रश्न होता, घोडा पळत का नाही. प्रश्न चांगला आहे, अख्खा सीन त्याच प्रश्नावर उभा आहे. ती दलदल दुःखाची दलदल आहे, तिथे जो मनाने खचतो तो आत जातो. अत्रेयू, म्हणजे तो लगाम ओढणारा पोरगा, वाचतो कारण त्याच्या गळ्यात राणीने दिलेलं संरक्षणाचं पदक आहे. घोड्याच्या, आर्टॅक्सच्या, गळ्यात काही नाही. म्हणजे चिखल खोल आहे म्हणून तो बुडत नाहीये, त्याला आता पाऊल उचलावंसंच वाटत नाहीये म्हणून बुडतोय. चार पावलं मागे सरकला तर वाचेल हे तुला दिसतंय, अत्रेयूलाही दिसतंय, म्हणून तर तो लगाम ओढतोय, विनवतोय, चिडतोय, आणि घोडा नुसता उभा आहे. तू अडतीस वर्षांचा आहेस, अशा अवस्थेतलं एखादं माणूस तू नक्की बघितलं असशील, जवळचं किंवा लांबचं, ज्याला सगळे सांगतायत की अरे ऊठ, बाहेर पड, जरा हालचाल कर, आणि ते माणूस हलत नाही. मुळातल्या पुस्तकात तर घोडा बोलतो, मला हे सोसत नाहीये, तू मला सोडून पुढे जा असं अत्रेयूला सांगतो. सिनेमात त्याला गप्प केलंय आणि मला विचारशील तर ते बरोबर केलंय, कारण खरी माणसंही त्या वेळी बोलत नाहीत.

आणि शूटिंगमध्ये घोडा मेला वगैरे जे पसरलंय ना, ते खोटं आहे. खाली जाणाऱ्या प्लॅटफॉर्मवर त्याला उभं केलं होतं आणि चिखल वर येत असताना न हलता थांबायचं त्याला शिकवलं होतं. मुलीने विचारलं तर हे सांगता येईल म्हणून लिहून ठेवतेय.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. तू ती "जाता जाता" म्हणून लिहिलीस आणि मला वाटतं तुझं सगळं पत्र त्या ओळीत आहे. आई गेल्यानंतरचं वर्ष, मामाचं घर, आणि रोज हाच सिनेमा. आता सिनेमा कशाबद्दल आहे ते आठव. ड्रॅगन, दलदल, लांडगा हे सगळं नंतर येतं, सुरुवात कुठून होते? एक मुलगा झोपेतून उठतो आणि किचनमध्ये वडिलांसमोर बसतो. या मुलाची, बॅस्टियनची, आई वारलेली आहे. तो म्हणतो मला परत आईचं स्वप्न पडलं. वडील क्षणभर थांबतात, समजतं म्हणतात, आणि पुढे म्हणतात की आपल्याला आपली कामं तर करावी लागतीलच ना, मग गणिताच्या वहीत चित्रं काढतोस त्याबद्दल तुझ्या टीचरचा फोन आला होता, पाय जमिनीवर ठेवायला शीक, आणि हे बोलता बोलता ते मिक्सरमध्ये कच्चं अंडं फोडून टाकतात, ज्यूसबरोबर फिरवतात, पितात आणि कामाला निघून जातात. आवाज एकदाही चढत नाही. वाईट माणूस नाहीये तो, त्याची बायको गेलीय आणि त्याच्याकडे शब्द नाहीत म्हणून तो कामाबद्दल बोलतोय.

हा सिनेमा मीही मोठेपणीच पहिल्यांदा बघितला, आणि माझा जीव तुटला तो या सीनला, घोड्याच्या सीनला नंतर. लहानपणी बघणाऱ्यांना हा सीन बहुतेक आठवतही नाही, त्यांच्यासाठी तो ड्रॅगन येईपर्यंतचा टाइमपास असतो. मोठेपणी पहिल्यांदा बघणाऱ्याला नेमकं हेच दिसतं जे लहान मुलाला दिसत नाही, त्यामुळे आपण उशिरा आलो, आपलं हुकलं असं वाटून घ्यायचं काही कारणच नाही. तू बाप आहेस, तुला तर तो माणूस आतून कळेल.

म्हणजे काय तर तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट वर्षात, बहुधा आजूबाजूचे सगळे भले लोक "आता पुढे बघायला हवं बेटा" म्हणत असताना, तिला एक गोष्ट सापडली जिच्यातल्या मुलाचीही आई गेलीय आणि त्याच्याशीही कोणी त्याबद्दल बोलत नाहीये. आणि शेवट आठव. अत्रेयू आणि ड्रॅगनची गोष्ट बॅस्टियन एका पुस्तकात वाचत असतो, त्या पुस्तकातल्या राणीला नवीन नाव मिळालं तरच ते जग वाचणार असतं, आणि बॅस्टियन वादळात खिडकी उघडून जे नाव ओरडतो ते त्याच्या आईचं असतं. थोडं आधी तो म्हणतो ना, माझ्या आईचं नाव किती सुंदर होतं, ते त्यासाठीच. वादळाच्या आवाजात ते नाव नीट ऐकूच येत नाही, भल्याभल्यांना कळत नाही तो काय ओरडला ते. तुलाही कळलं नसेल. पण ज्या मुलीने तो सिनेमा रोज लावला तिला ते शंभर टक्के कळलंय. आईचं नाव मोठ्याने घेतलं की जग परत उभं राहतं, हे तिने त्या वयात रोज बघितलंय. आता तू सांग, तिथे शेजारून "हा घोडा पळत का नाही" ऐकू आल्यावर काय झालं असेल. ते किचनमधल्या वडिलांचंच वाक्य झालं की, अगदी त्याच चांगुलपणाने आणि त्याच प्रॅक्टिकल सुरात म्हटलेलं.

हे मी तुला टोचायला लिहीत नाहीये. मला तिच्या मनातलं माहीत नाही, मी फक्त तू दिलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. पण त्या शेजारी ठेवल्यावर तिचं ते उठून घड्या घालायला जाणं मला तरी नीट कळतं.

आता आवडला नाही हे सांगायचं का. सांग ना, त्यात काही पाप नाही. तुझ्या काही तक्रारी बरोबरच आहेत. पोरांची ॲक्टिंग काही ठिकाणी कच्ची आहे, आणि शेवट मलाही घाईचा वाटतो, ड्रॅगनवर बसून त्रास देणाऱ्या पोरांना पळवण्यात संपतो आणि किचनमधल्या वडिलांचं काय झालं ते कोणी सांगतच नाही. ज्याचं पुस्तक होतं तो मिखाएल एंडे तर या सिनेमावर इतका चिडला होता की प्रकरण कोर्टात गेलं, आणि तो हरला. पुस्तक १९७९ चं, सिनेमात त्यातलं फक्त पहिलं अर्धं आलंय. त्या गाण्याबद्दल म्हणशील तर ते बाहेरच्या देशांसाठी घातलेलं आहे, मूळ जर्मन आवृत्तीत ते नाही, आणि ती आवृत्ती थोडी मोठीही आहे, मिळाली तर ती बघ.

इफेक्ट्सबद्दल मात्र मी तुझ्याशी भांडणार. तू ते कॉम्प्युटरच्या इफेक्ट्सशी कम्पेअर करून बघितलेस म्हणून जुने वाटले. यात जवळपास सगळं हाताने केलेलं आहे. तो पांढरा ड्रॅगन, फाल्कोर, तेरा मीटरच्या आसपास लांब होता, खरोखरचा, आणि त्याचे डोळे, भुवया, जबडा हलवायला डझनाहून जास्त माणसं लागायची. म्हणजे तो पापणी मिटतो तेव्हा कोणीतरी तिथे बसून ती केबल ओढतंय. ते जग गिळत येणारे ढग आहेत ना, ते पाण्याच्या टाकीत रंग सोडून शूट केलेत. एकदा हे डोक्यात ठेवून बघ, "खरं वाटतंय का" हा प्रश्न बाजूला ठेवून "हे कोणी आणि कसं केलं असेल" म्हणून बघ, मोठ्या माणसाला अशा जुन्या सिनेमात शिरायला हा दरवाजा फार सोपा पडतो. डिरेक्टर वोल्फगांग पीटरसन, ज्याने याच्या आधी दास बोट केला होता, पाणबुडीत कोंडलेल्या सैनिकांचा. तो माणूस मुलांचा सिनेमा करतानाही मरणाचा विषय टाळत नाही यात आश्चर्य नाही.

तर आता करायचं काय. "आवडला" असं खोटं अजिबात सांगू नकोस, तिला एका सेकंदात कळेल आणि मग हसण्यापेक्षा ते जास्त लागेल, कारण हसू निदान खरं होतं. सिनेमा परत बघ, पण एकटा. ती घरी नसताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दिवे बंद करून, मध्ये न थांबता. कोणी चेहऱ्याकडे बघत नसताना बघ तुला काय होतं ते. किचनचा सीन बघ, दलदल बघ, आणि तो दगडाचा राक्षस नंतर एकटा बसलेला दिसतो तो सीन बघ. त्याचे छोटे दोस्त त्याच्या हातातून निसटून गेलेत, आणि तो स्वतःच्या त्या प्रचंड हातांकडे बघत म्हणतोय की हे हात तर मजबूत होते. लहान मुलाला त्यात फक्त एक दगडी बाबा दिसतो. तुला त्या वेळी काही आठवलं, कोणी आठवलं, तर कोरडेपणाचा तुझा प्रश्न परस्पर सुटेल. आणि समजा परत काहीच झालं नाही, तरी ठीक आहे, सगळेच सिनेमे सगळ्यांचे नसतात.

मग तिच्याशी बोल. लांबण लावू नकोस, माफीचं भाषणही नको. एवढंच म्हण की मी तो परत बघितला, त्या दिवशी घोड्याच्या सीनला हसलो ते चुकलं, तो का हलत नाही ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तुला जो सीन खरंच भिडला असेल तो सांग, जे आवडलं नाही तेही लपवू नकोस. आणि मग गप्प बस. तिच्या आईचा विषय तू काढू नकोस, "तुला आई आठवते का म्हणून रडलीस का" असलं तर मुळीच विचारू नकोस, मी इथे एवढं लिहिलंय म्हणून ते तिला वाचूनही दाखवू नकोस. तिला बोलायचं असेल तर दार उघडं आहे एवढंच कळू दे. ती "हं" म्हणून कामाला लागली तर लागू दे, पंधरा दिवसांनी भाजी चिरताना अचानक बोलेल. आणि बोलायला लागली की सल्ला देऊ नकोस, उपाय सांगू नकोस. मामाकडे टीव्ही कुठल्या खोलीत होता, कॅसेट कोण लावून द्यायचं, असलं साधं विचार, माणसाला त्यातून बोलणं सोपं जातं.

पुस्तकही मिळव. वडिलांचं पुढे काय होतं ते तिथे आहे. बॅस्टियन घरी येतो, वडिलांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतो, ते मध्ये न बोलता ऐकतात, आणि मुलाला पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसतं. सिनेमाने हे गाळलं याचं मला फार वाईट वाटतं. तिने पुस्तक वाचलेलं नसेल तर दोघं मिळून वाचा, वाचलेलं असेल तर तू वाच.

राहिला प्रश्न मुलीला दाखवायचा. तो निर्णय तिच्या आईचा, तू फक्त म्हण की तुला कधी वाटेल तेव्हा आपण तिघं बसू, मी मध्ये बोलणार नाही. सात वर्षं हे माझ्या मते काठावरचं वय आहे, काही मुलं आरामात बघतात, काहींना घोडा आणि तो अंधारातला लांडगा दोन-तीन रात्री पुरतो. बघायचाच असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी बघा, रात्री झोपायच्या आधी नको. घोडा शेवटी परत दिसतो हे तिला आधी सांगायचं की नाही ते तिच्या आईला ठरवू दे, तिचा त्यातला अनुभव तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. मुलगी मध्येच बंद करा म्हणाली तर तिथेच बंद करायचा, समजावत बसायचं नाही, उरलेला नंतर कधीतरी. आणि दुसरा आणि तिसरा भाग निघालेत, १९९० आणि १९९४ चे, तिने मागितले तरी ते लावायची घाई करू नका.

— ताई